पाच जणींचं एक पांघरूण: रंगीत पट्ट्यांचं क्रोशे ब्लँकेट मिळून कसं विणावं

पाच जणींनी पाच पट्ट्या विणायच्या आणि जोडून एक रंगीत पांघरूण करायचं, हा बेत चटकन ठरतो. अडचण येते ती जोडायला बसल्यावर. एकीची पट्टी १४४ सेंटीमीटर भरते, दुसरीची १५७, आणि ओळी मात्र दोघींनीही ठरल्याप्रमाणे १३५च घातलेल्या असतात. यात चूक कुणाचीच नसते. खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, विणताना सुई टाक्यात घालून पहिली कडी आपण वर ओढून घेतो. ती कुणी उंच ओढतं, कुणी सुईजवळच आवळून धरतं, आणि त्या एका हालचालीवर खांबाची उंची ठरते. सुई बदलली तर रुंदी सुधारते, उंचीची सवय मात्र फारशी हलत नाही.

म्हणून मिळून विणायच्या पांघरुणाचा हिशोब ओळींवर धरू नये. तो टेपवर आणि काठाच्या टाक्यांवर धरावा. प्रत्येक पट्टी १५० सेंटीमीटर लांब, आणि तिच्या दोन्ही लांब काठांवर बरोबर २४० मुके खांब, म्हणजे बुटके टाके. एक कमी नाही, एक जास्त नाही. आत ओळी १२८ झाल्या काय आणि २८० झाल्या काय, जोडताना २४० समोर २४० टाके येतात आणि शिवण सरळ बसते.

माप आणि भाषा

इथे दिलेलं पांघरूण पाच पट्ट्यांचं आहे: साधी पट्टेरी, लुगड्यासारखी कुणबी चौकडी, उठावाच्या विणीची चटई, खांबांच्या झुपक्यांची ग्रॅनी आणि दाणेदार विणीची मॉस. प्रत्येक पट्टी ४० टाक्यांची, म्हणजे २५ सेंटीमीटर रुंद. पट्ट्यांभोवतीचा काठ आणि सगळ्यात बाहेरची किनार धरून तयार माप साधारण १४० बाय १६० सेंटीमीटर होतं. एका माणसाला दुपारच्या झोपेला, एसीच्या खोलीत किंवा रात्रीच्या रेल्वेत पुरेसं.

मुका खांब म्हणजे सुईवर वेढा न घेता विणलेला बुटका टाका. एक वेढा घेऊन विणतो तो खांब. बाहेरचे नमुने वाचणाऱ्यांनी इथे सावध राहावं. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकन नमुने सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश नमुने डबल क्रोशे. गटातल्या एकीसमोर अमेरिकन व्हिडिओ आणि दुसरीसमोर ब्रिटिश पुस्तक असेल, तर दोघी एकच नाव घेऊन वेगळी वीण घालतील. पहिल्याच बैठकीत प्रत्येकीने दोन्ही टाके चार-चार विणून शेजारी ठेवावेत. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं तर एखादी अख्खी पट्टी उसवावी लागते.

लोकर

गोव्यात लोकर निवडताना थंडीचा विचार नंतर आणि दमटपणाचा आधी करायचा. सुती धागा अंगाला गार लागतो, घाम टिपतो, दिसतोही सुरेख. पण तो जड असतो, आणि एवढं मोठं सुती पांघरूण जुलैत धुतलं तर चार दिवस वाळत नाही, कुबट वास धरतं आणि घडीत बुरशीचे ठिपके येतात. अॅक्रिलिक हलकं, लवकर वाळणारं आणि धुलाईला सोसणारं. मिळून विणायचं पहिलं पांघरूण असेल तर डीके, म्हणजे मध्यम जाडीची अॅक्रिलिक लोकर घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. लहान बाळासाठी किंवा फार घाम येणाऱ्या माणसासाठी असेल तर सुती घ्या, पण मग पाचही पट्ट्या सुती हव्यात. सुती पट्टी पहिल्या धुण्यात थोडी आटते, अॅक्रिलिक आटत नाही. दोन्ही एकत्र जोडली की पहिल्या धुण्यानंतर पांघरूण एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं आणि मग त्याला उपाय नसतो.

रंगांसाठी पणजीच्या फोन्तायन्यासमधली घरं डोळ्यांपुढे आणा: गेरूमिश्रित पिवळा, निळा, विटकरी लाल, हिरवा आणि दारं-खिडक्यांभोवती पांढरी चौकट. तोच पांढरा इथे काठाला आणि जोडाला वापरायचा. पाच जणींच्या पाच तऱ्हेच्या विणी एकाच पांढऱ्या चौकटीत बसल्या की त्या एका घरातल्या वाटतात. पांढरा नको असेल तर मळखाऊ साई रंग घ्या, पण जोडाचा रंग सगळीकडे एकच ठेवा.

अॅक्रिलिकचा अंदाज असा: पांढरा ३०० ग्रॅम, निळा ३००, विटकरी लाल २५०, पिवळा २५०, हिरवा २००. एकूण १३०० ग्रॅम घेतली तर सव्वा किलोच्या आसपास लागते आणि थोडी उरते. सुती धाग्याचं वजन दीड किलोच्या बरंच पुढे जातं. हे आकडे डोळे झाकून मानू नका, पट्टीआधी विणून बघायच्या छोट्या नमुन्याच्या वजनावरून तुमचा हिशोब काढा. १५ सेंटीमीटरचा चौकोनी नमुना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ११ ग्रॅम भरला, तर २५ बाय १५०च्या पट्टीत तसे जवळपास १७ चौकोन बसतात, म्हणजे पट्टीला साधारण १८५ ग्रॅम. चटईच्या विणीच्या पट्टीला त्याच्यावर एक तृतीयांश धरा. काठ, जोड आणि किनार यांना मिळून २५० ग्रॅम वेगळे.

लेबलवरचा डाय लॉट क्रमांक, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात पट्टा दिसतो. आपल्याकडे थंडी नसल्यामुळे पणजी, मडगाव, म्हापसा इथल्या दुकानांत लोकरीचा साठा बेताचाच असतो आणि एका लॉटचे तीन गुंडे मिळणंही कधी कठीण जातं. म्हणून सगळी खरेदी एकीने, एकदाच करावी. लागलं तर घाटावरून बेळगाव-कोल्हापूरहून मागवावी. दोन लॉट घ्यावेच लागले, तर कमी असलेला लॉट ग्रॅनीच्या पट्टीला द्या. तिथे दर दोन ओळींनी रंग बदलतो, फरक लपतो.

लाल रंग पांढऱ्याशेजारी येणार, म्हणून तो सोडतो का हे आधी बघा. लाल लोकरीचा वीतभर तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून पांढऱ्या कपड्यात दाबून पिळा. कपड्यावर गुलाबी छटा उमटली तर तो गुंडा या पांघरुणात नको. सुती लालाच्या बाबतीत ही परीक्षा कधीच टाळू नये.

सुया, खुणा आणि टेप

प्रत्येकीकडे ४ मिलिमीटरची सुई हवी, आणि गटात मिळून ३.५ आणि ४.५च्या एक-दोन. खुणांसाठी सेफ्टी पिना वापरू नका. किनारपट्टीच्या हवेत आठवड्याभर टाक्यात राहिलेली पीन गंजते आणि पांढऱ्या लोकरीवर पडलेला तो तांबूस डाग जात नाही. प्लॅस्टिकच्या खुणा घ्या किंवा दुसऱ्या रंगाच्या लोकरीचा तुकडा टाक्यात बांधा. शिवायची जाड बोथट सुईसुद्धा काम झालं की पट्टीत खोचून न ठेवता डबीत ठेवा.

आता टेप. जुने कापडी आणि प्लॅस्टिकचे टेप ताणून वाढलेले असतात. पाच घरांतले पाच टेप शेजारी पसरले तर दीड मीटरला एखाद-दुसऱ्या सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. न ताणणारी कापडी फीत घेऊन तिचे १५० सेंटीमीटरचे पाच तुकडे एकाच वेळी कापा, प्रत्येकावर दर २५ सेंटीमीटरला शाईची रेघ मारा आणि वाटून टाका. यापुढे सगळ्या जणी त्या फितीनेच मोजतील. मोजताना पट्टी टेबलावर किंवा फरशीवर आडवी पसरायची. हातात उंच धरलेली पट्टी स्वतःच्या वजनाने लांबते.

नमुना

२५ साखळ्यांवर २४ मुक्या खांबांची एक ओळ आणि वर खांबांच्या १३ ओळी घाला. नमुना रात्रभर सपाट पडू द्या आणि सकाळी मधला भाग मोजा. १० सेंटीमीटरमध्ये १६ खांब बसायला हवेत. १७-१८ बसत असतील तर हात घट्ट आहे, ४.५ची सुई घ्या. १४-१५ बसत असतील तर ३.५ घ्या. मुद्दाम सैल किंवा घट्ट विणायचा प्रयत्न करू नका. तो पहिल्या दहा ओळी टिकतो, मग गप्पा सुरू होतात आणि हात आपल्या मूळ चालीवर येतो. ओळी १० सेंटीमीटरला ९च्या आसपास येतील; आठ आल्या किंवा दहा आल्या तरी काही बिघडत नाही.

सगळ्यांची सुरुवात सारखी

४१ साखळ्या घाला. साखळी नेहमी हातापेक्षा घट्ट पडते आणि पट्टी बुडाशी आवळलेली दिसते, म्हणून फक्त साखळीपुरती अर्धा मिलिमीटर मोठी सुई वापरा. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घाला आणि टोकापर्यंत जा: ४० मुके खांब. इथून वर ज्याची त्याची वीण. शेवटी १५० सेंटीमीटरला पुन्हा ४० मुक्या खांबांची एक ओळ. म्हणजे वीण कुठलीही असो, दोन्ही टोकं सारखी.

खांबाच्या ओळीला वळताना २ साखळ्या घाला आणि त्या टाका म्हणून मोजू नका. पहिला खांब पहिल्याच टाक्यावर घाला, शेवटचा खांब खालच्या ओळीच्या पहिल्या खांबाच्या डोक्यावर. बऱ्याच नमुन्यांत ३ साखळ्यांना पहिला खांब धरतात. तीही रीत बरोबर आहे, पण तिच्यात ओळीच्या शेवटी त्या तिसऱ्या साखळीवर टाका घालायचा राहून जातो आणि पट्टी वर निमुळती होत जाते. एका गटात एकच रीत ठेवा आणि दर पाच ओळींनी ४० मोजा.

रंग बदलताना जुन्या रंगाचा शेवटचा खांब पूर्ण करू नका. सुईवर दोन कड्या उरल्या की नवा रंग घेऊन त्यातून ओढा. नाहीतर नव्या ओळीच्या पहिल्या टाक्यावर जुन्या रंगाचा ठिपका राहतो. धाग्याची टोकं १५ सेंटीमीटर ठेवा, गाठ मारू नका. अॅक्रिलिकची गाठ धुण्यात सुटते.

पाच पट्ट्या

जोडणीचा क्रम आधी ठरवून घ्या: डाव्या कडेला साधी पट्टेरी, मग कुणबी चौकडी, मध्ये चटई, मग ग्रॅनी, उजव्या कडेला मॉस. चटई सगळ्यात जड, म्हणून ती मध्ये. ग्रॅनी सैल आणि ताणणारी, म्हणून ती कडेला नको. कडेच्या दोन पट्ट्या आकार धरून राहणाऱ्या असाव्यात.

साधी पट्टेरी नवशिक्या मैत्रिणीला द्या. खांबांच्या दोन-दोन ओळींवर रंग बदलत जायचं: पिवळा, निळा, हिरवा, विटकरी. दोनच्या पटीत ओळी ठेवल्या की धागा सुरुवातीच्या बाजूलाच थांबतो आणि कडेने सैल वर नेता येतो. वर नेलेला धागा आवळला तर तो काठ आखडतो.

ग्रॅनीची पट्टीही सोपी आहे, मात्र ४० टाक्यांत ती बसवायची एक पद्धत आहे. पहिल्या टाक्यात २ खांब. २ टाके सोडा, पुढच्यात ३ खांब. असे २ सोडून ३ खांबांचे एकूण १२ झुपके होतात. मग शेवटचे २ सोडून ४०व्या टाक्यात २ खांब. पुढच्या ओळीत पहिल्या खांबावर १ खांब, मग झुपक्यांमधल्या १३ फटींत प्रत्येकी ३, शेवटी १. त्यापुढची ओळ परत टोकांना २-२ आणि मधल्या १२ फटींत ३-३. या दोन ओळी आलटून-पालटून. शेवट टोकांना २-२ असलेल्या ओळीने करा, म्हणजे वरच्या मुक्या खांबांना बरोबर ४० टाके मिळतात. फटीत घालायचे खांब फटीतच घाला. खांबाच्या डोक्यात घातले तर झुपके तिरके होतात.

मॉसची पट्टी हातावर बसली की गप्पा मारत विणता येते, पण ओळी बुटक्या असल्यामुळे साध्या पट्टीच्या दुपटीहून जास्त घालाव्या लागतात. ती शांतपणे बसणारीला द्या. वळून १ साखळी, पहिल्या टाक्यावर मुका खांब; मग १ साखळी, १ टाका सोडा, पुढच्यावर मुका खांब, असं ३९व्या टाक्यापर्यंत; आणि ४०व्यावर मुका खांब. प्रत्येक ओळ अशीच, फरक इतकाच की मधले मुके खांब खालच्या ओळीच्या साखळीच्या फटीत येतात. ओळीच्या सुरुवातीला मुका खांब आणि साखळी, शेवटी दोन मुके खांब लागून. शेवटी दोन आले नाहीत तर मध्ये एक फट चुकली आहे. पिवळा आणि हिरवा दोन-दोन ओळी घ्या, अंगण सारवल्यावर दिसावी तशी एकसारखी दाणेदार पोत येते.

चटईची वीण एकाच रंगात, निळ्यात. पट्टे घातले तर विणीचा उठाव हरवतो. इथे सुई अर्धा मिलिमीटर मोठी घ्या, कारण खांबाला विळखा घालून विणलेली वीण रुंदीला आखडते. आधी साध्या ४० खांबांची ओळ. मग कडेचे २ साधे खांब, मधल्या ३६ टाक्यांचे ४-४चे ९ गट, शेवटी पुन्हा २ साधे. पहिल्या गटात सुई समोरून घालून खालच्या खांबाच्या दांड्याला वळसा देत ४ खांब, दुसऱ्या गटात मागून, तिसऱ्यात समोरून, असं नववा गट समोरून येईपर्यंत. वळल्यावर नियम एकच: आपल्याकडे तोंड करून जो गट उठलेला दिसतो तो समोरून, जो खोल गेलेला दिसतो तो मागून. अशा ४ ओळी झाल्या की अदलाबदल करा: उठलेला मागून, खोल गेलेला समोरून. पुढे दर ४ ओळींनी तसंच. पहिल्या २५ सेंटीमीटरला रुंदी २३च्या खाली भरत असेल तर सुई आणखी मोठी करून परत सुरू करा. पुढे आपोआप सुधारत नाही.

कुणबी चौकडीला थोडं तपशिलात जाऊ, कारण पांघरुणाची ओळख तिच्यावरून राहील. कुणबी लुगड्याची लाल जमीन आणि तिच्यावरची पांढरी चौकट क्रोशात आणायची तर आडव्या रेघा विणताना येतात आणि उभ्या नंतर वरून काढायच्या. लाल खांबांच्या ३ ओळी, मग पांढऱ्या मुक्या खांबांची १ ओळ, हा क्रम. आता ३ आणि १ दोन्ही विषम, म्हणजे पांढरी ओळ संपते एका टोकाला आणि लाल धागा राहतो दुसऱ्या टोकाला. दर वेळी धागा कापत बसलात तर पट्टीला शेकडोच्या घरात टोकं होतात. त्यापेक्षा पांढरी ओळ संपली की काम उलटू नका. पांढरी कडी सैल ओढून तिला खूण अडकवा, सुई काढून परत त्या ओळीच्या सुरुवातीच्या टोकाला जा. तिथे थांबलेली लाल कडी पांढऱ्या पहिल्या टाक्यातून ओढून घ्या, २ साखळ्या घाला आणि त्याच बाजूने लाल ओळ विणा. त्यानंतरच्या दोन ओळी नेहमीसारख्या उलटून. तीन लाल ओळी संपतात त्या टोकाला पांढरा धागा वाट बघत असतोच. असं शेवटपर्यंत एकही धागा कापावा लागत नाही.

पट्टी पूर्ण झाली की उभ्या रेघा: पांढरा धागा पट्टीच्या मागे धरायचा, सुई समोरून आत घालून धाग्याची कडी वर ओढायची आणि आधीच्या कडीतून काढायची. अशी साखळी सरळ वर चढवत न्यायची. रेघ ५व्या टाक्यानंतर, मग १०व्यानंतर, अशी ३५व्यापर्यंत. एकूण सात रेघा आणि आठ रकाने. प्रत्येक खांबाच्या ओळीला दोन कड्या, मुक्या खांबाच्या ओळीला एक. एकच कडी दिली तर रेघ ताणते आणि पट्टी आखडून लांबीला चार-पाच सेंटीमीटरने कमी भरते. म्हणून रेघा काढून झाल्यावर पट्टी पुन्हा फितीला लावून बघा. ३ लाल ओळी उंचीला आणि ५ टाके रुंदीला जवळपास सारखे भरतात, त्यामुळे चौकोन चौकोनच राहतो.

लाटेची म्हणजे रिपलची पट्टी सगळ्यांना आवडते, पण या पांघरुणात घेऊ नका. तिची वरची आणि खालची कड वेडीवाकडी असते आणि ती भरून सपाट करणं अनुभवी हातालाही जिकिरीचं जातं.

बैठका

दर आठवड्याला २५ सेंटीमीटर धरलं तर सहा आठवड्यांत पट्ट्या होतात. प्रत्येक बैठकीला पाचही पट्ट्या शेजारी पसरून फितीच्या रेघेशी जुळवायच्या आणि दोन्ही कडांना खूण बांधायची. या खुणा पुढे काठाला लागणार आहेत. कुणी मागे पडली तर तिच्यासाठी दुसरीने विणू नये. एका पट्टीत दोन हात लगेच ओळखू येतात. थांबावं.

पाऊस धरल्यावर जूनच्या मध्याला सुरुवात केली तर पट्ट्या श्रावणापर्यंत हातावेगळ्या होतात. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस कुणाच्याच हाती नसतात, ते मोकळे सोडा. जोडणी चवथीनंतर आणि धुणं-ताणणं दसऱ्यानंतर, ऊन उघडल्यावर.

काठ

पट्टी १५० भरली नाही आणि दोन सेंटीमीटर कमी पडली, तर ताणून नेऊ नका. वरची मुक्या खांबांची ओळ उसवून दोन ओळी वाढवा. रुंदीत एखाद्या सेंटीमीटरचा फरक चालतो, पांघरुणात तो दिसत नाही.

पाचही पट्ट्यांचा काठ शक्यतो एकाच हाताने घालावा, पांढऱ्या रंगात, ४च्या सुईने. कोपऱ्यात ३ मुके खांब. लांब कडेला २५ सेंटीमीटरच्या प्रत्येक भागात ४० मुके खांब; सहा भाग, २४०. साध्या खांबाच्या पट्टीत दर ९ ओळींना १६ टाके पडतात, म्हणजे सात ओळींना दोन-दोन आणि दोन ओळींना एक-एक. दुसऱ्या विणींत हे गणित बदलतं, म्हणून भागाच्या अर्ध्यावर एक खूण करून २० आणि २० असे वाटून घ्या. सुई कडेच्या टाक्याच्या फटीत न घालता त्याच्या धाग्यांतून घाला, नाहीतर भोकांची रांग दिसते. काठ लाटेसारखा हलत असेल तर टाके जास्त झालेत. पट्टी वाटीसारखी आत वळत असेल तर कमी. आकडा बरोबर असूनही वळत असेल तर पट्टीची लांबी चुकली आहे, फीत लावा.

जोड

जोडण्याआधी पट्ट्यांवरची धाग्यांची टोकं आत घ्या, तीन दिशांना वळवून, प्रत्येक वेळी तीन-चार सेंटीमीटर. मग अॅक्रिलिकच्या पट्ट्या फरशीवर जाड चादर घालून पसरा, मापात बसवा आणि इस्त्रीची वाफ दोन-तीन सेंटीमीटर वरून द्या. इस्त्री टेकवू नका. तापलेलं अॅक्रिलिक चपटं आणि लुळं होतं आणि पुन्हा उभं राहत नाही. चटईचा सगळा उठाव एका झटक्यात जातो. सुती पट्टी पाण्याने ओलसर करून तशीच पसरून पंख्याखाली वाळवा.

दोन पट्ट्या शेजारी सपाट ठेवा, उलटी बाजू खाली. कोपऱ्याच्या मधल्या टाक्यापासून सुरू करा आणि दोन्हीकडच्या टाक्यांच्या फक्त बाहेरच्या, जोडाकडच्या कड्या घेत बोथट सुईने गुंफत चला. आतल्या कड्या मोकळ्या राहतात आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघ उमटते. दर ४० टाक्यांनी खुणा समोरासमोर येतात का बघा. एका टाक्याची चूक तिथेच सापडते, टोकाला जाऊन नाही. धागा हातभर लांबीचाच घ्या. लांब धागा शंभर वेळा टाक्यांतून गेला की केसाळ होतो. क्रोशानेच स्लिप स्टिचने, म्हणजे कडीतून कडी ओढून, जोडायचं असेल तर ५ मिलिमीटरची सुई वापरा, नाहीतर जोड पट्टीपेक्षा आखूड होऊन पांघरूण तिथे चुण्या धरतं.

किनार घालताना पहिला फेरा पांढऱ्या मुक्या खांबांचा. जिथे दोन पट्ट्यांचे कोपरे भेटतात तिथले दोन टाके एकत्र विणा, म्हणजे तिथे उंचवटा येत नाही. मग खांबांचे तीन फेरे, पिवळा, निळा, विटकरी. कोपऱ्यात २ खांब, २ साखळ्या, २ खांब. शेवटी परत पांढरे मुके खांब. फेरा पुरा झाल्यावर किनार हातावर घेऊन हलवा. झालरीसारखी उडत असेल तर पुढच्या फेऱ्यात दर २० टाक्यांना एक टाका कमी करा.

धुणं आणि ठेवणं

थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. दोरीवर एका घडीने टाकलं तर ओल्या वजनाने जोड ताणतात. दोन-तीन दोऱ्यांवर आडवं पसरा किंवा बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, चादर घालून सावलीत वाळवा. विटकरी आणि निळा कडक उन्हात उडतात.

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आतली ओल आतच राहते. जुन्या मलमलच्या किंवा सुती साडीच्या तुकड्यात सैल घडी घाला, घडीत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा आणि उघडीप मिळेल तेव्हा बाहेर काढून घडी मोडून परत घाला. उरलेल्या चार रंगांचे दहा-दहा ग्रॅम आणि पांढऱ्याचे थोडे जास्त, लेबलासकट, पांघरुणाच्या घरी राहू द्या. एखादा जोड पुढे उसवला तर त्याच लॉटचा धागा हाताशी असतो.